आनंदवृक्ष आणि नरक्या

पावसाळ्यात महाबळेश्वरच्या किंवा आंबोलीच्या रानातून जाताना मध्येच एखाद्या ठिकाणी कुजका दर्प येतो. शोध घेतला तर सापडते ते फिकट पिवळसर फुलांच्या गुच्छांनी भरलेले एक लहानसे झाड. लोकांनी त्याचे नाव ठेवले नरक्या. वनस्पतिशास्त्रज्ञही फारसे निराळे वागले नाहीत. झाडाच्या जुन्या शास्त्रीय नावातील 'फीटिडा' या शब्दाचा अर्थ 'दुर्गंधी' असाच आहे. आज त्याला 'नोथापोडायटिस निम्मोनियाना' म्हणतात. या झाडाची नोंद १८३९ साली जॉन ग्रॅहॅम यांच्या मुंबई परिसरातील वनस्पतींच्या यादीत झाली होती. पण त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे कोणी त्याच्याकडे विशेष लक्ष दिले नाही.

लक्ष गेले ते फार लांबच्या वळणाने. चीनमध्ये 'शी-शू' म्हणजे 'आनंदवृक्ष' नावाचे झाड आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत वनस्पतींच्या अर्कांची तपासणी चालू होती. तेव्हा या झाडाचा अर्क कर्करोगाविरुद्ध प्रभावी ठरू शकेल असे दिसले. १९६६ साली मनरो वॉल, मनसुख वाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातील क्रियाशील द्रव्य वेगळे करून त्याची रचना प्रसिद्ध केली. या द्रव्याचे नाव कॅम्प्टोथेसिन. यातले वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठात शिकून ते पुढे अमेरिकेत गेले होते.

तिकडे आनंदवृक्षावर काम चालू असताना इकडे मुंबईत, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात, टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन नरक्याची रासायनिक तपासणी करत होते. १९७२ साली त्यांनी जाहीर केले की नरक्यातही कॅम्प्टोथेसिन आहे. या दोन झाडांचे कूळ वेगळे, देश वेगळे. एकाचे नाव आनंदावरून, दुसऱ्याचे नरकावरून. रेणू मात्र एकच!

पण त्याच सुमारास रुग्णांवरील चाचण्यांत या द्रव्याचे दुष्परिणाम फार तीव्र असल्याचे दिसले आणि काम थांबले. ते पुन्हा सुरू झाले १९८५ नंतर, कॅम्प्टोथेसिन पेशीत नेमके काय करते हे कळल्यावर. पीळ पडलेली सुतळी डोळ्यांपुढे आणा. पेशी विभागताना डीएनएच्या धाग्यांवर असाच ताण येतो. टोपोआयसोमरेज-१ हे विकर डीएनएचा एक धागा कापते, पीळ सैल होऊ देते आणि धागा पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमके त्या कापलेल्या जागी अडकून बसते. जोड लागत नाही आणि भराभर विभागणारी पेशी मरते. हे समजल्यावर त्या रेणूत बदल करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे तयार झाली. अमेरिकेत १९९६ साली दोन्हींना मान्यता मिळाली.

औषधे तयार झाली तरी कच्चा माल झाडातूनच हवा होता. लाकडात हे द्रव्य अगदी थोडे असते, शेकडा एक भागाहूनही कमी. त्यामुळे मणामणाने लाकूड लागू लागले. सह्याद्रीतले नरक्याचे बुंधे तुटू लागले, चोरून नेले जाऊ लागले. मुळांत द्रव्य अधिक म्हणून मुळेही खणली गेली. बुंधा तोडला तर नरक्या खोडव्यातून पुन्हा फुटतो. मुळासकट उपटला तर संपतो. फळे धरण्याआधीच मोठी झाडे गेली, तर नवी रोपे यायची कोठून?

झाडाने हे विष माणसासाठी साठवलेले नाही. अशी द्रव्ये सहसा पाने खाणाऱ्या किड्यांपासून संरक्षण करतात. तरीही नरक्याची पाने खाऊन काहीही न होणारा एक भुंगेरा अभ्यासकांनी २०११ साली नोंदवला. म्हणजे झाड आणि कीटक यांचा हा सामना आमच्या प्रयोगशाळांच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. नरक्याच्या फुलांवर येणारे कीटक, फळे खाणारे पक्षी, सावलीत वाढणारी रोपे, या साऱ्यांचा हिशेब बाजारभावात येत नाही.

आपण वर्गात 'वनस्पती आणि उपयोग' असा तक्ता करून घेतो. १९७१ साली हा तक्ता केला असता, तर नरक्यापुढचा रकाना बहुधा कोरा राहिला असता. आज तो भरला आहे, पण रानातली झाडे कमी झाली आहेत. म्हणून आम्हाला सुचवावेसे वाटते की तक्त्यात आणखी दोन रकाने असावेत: 'या झाडावर कोण अवलंबून आहे?' आणि 'उपयोग करताना झाड जगते का?' पहिला रकाना कोरा राहिला तर मुलांनी तेथे 'उपयोग नाही' असे लिहू नये. 'अजून माहीत नाही' असे लिहावे.