आयडोरा पार्क : एका कामगार-नगरीच्या करमणुकीची कहाणी



या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या काही स्नेह्यांना तो चमत्कारिक वाटला. जन्मभर पगार, बोनस आणि बदली कामगार यांवर बोलणारा माणूस एकदम पाळण्यांकडे आणि लाकडी घोड्यांकडे कसा वळला, असे त्यांनी विचारले. आमचे उत्तर साधे आहे. कामगाराचा इतिहास लिहिताना आपण भोंग्यापासून भोंग्यापर्यंतचे तास मोजतो. परंतु सुटीच्या दिवशी तो बायकामुलांना घेऊन कोठे जात असे आणि ती जागा कोणाच्या मालकीची होती, हेही त्याच इतिहासातले एक प्रकरण आहे. आमचे शिक्षण शाळेपेक्षा युनियनच्या कचेरीतच अधिक झाले. म्हणून विद्वत्तेचा आव न आणता, वाचून जे समजले तेवढेच आम्ही सांगणार आहोत.

अमेरिकेतील ओहायो राज्यात यंगस्टाउन नावाचे शहर आहे. महोनिंग नदीच्या काठाकाठाने तेथे पोलादाच्या भट्ट्या उभ्या होत्या. स्लोव्हाक, इटालियन, पोलिश, आयरिश आणि दक्षिणेकडून आलेले कृष्णवर्णीय असे नाना जातींचे लोक पोट भरण्यासाठी तेथे जमले होते. १९३० साली शहराची वस्ती १,७०,००२ होती. याच शहराच्या दक्षिण भागात १८९९ साली एक उद्यान सुरू झाले व पुढे ते 'आयडोरा पार्क' या नावाने प्रसिद्धीस आले.

हे उद्यान काढले कोणी? ट्रामच्या कंपनीने! त्या काळी अमेरिकेत शेकडो ठिकाणी हाच प्रकार चालला होता. आठवड्याचे सहा दिवस कामगार ट्रामने कामावर जात. रविवारी गाड्या रिकाम्या धावत. तेव्हा मार्गाच्या शेवटच्या टोकाला बाग, बँड आणि पाळणे उभारले, की रविवारचेही भाडे पदरात पडे. म्हणजे मजुराच्या विश्रांतीचा दिवससुद्धा कोणाच्या तरी हिशेबाच्या वहीत जमा धरलेला होता. तरीही लोकांनी ती बाग मनापासून आपली मानली, आणि आमच्या दृष्टीने या कहाणीतील मर्म तेथेच आहे.

आयडोरात दोन लाकडी रोलर कोस्टर नावाजलेले होते. 'जॅक रॅबिट' हा १९१० सालचा आणि 'वाइल्ड कॅट', म्हणजे रानमांजर, हा १९३० सालचा. दुसऱ्याची आखणी फिलाडेल्फिया टोबोगन कंपनीच्या हर्बर्ट श्मेक यांनी केली होती. या खेळाचे यंत्र मोठे गमतीचे असते. गाडीला स्वतःचे इंजिन नसते. एक साखळी तिला चढावरून माथ्यावर नेऊन सोडते, आणि तेथून पुढचे सारे काम पृथ्वीचे आकर्षण करते. चढताना खडखड असा जो आवाज येतो तो गाडी मागे घसरू नये म्हणून लावलेल्या खटक्यांचा असतो. गाडी उसळून रुळावरून निघू नये यासाठी रुळाखालूनही चाके धरतात. ही युक्ती जॉन मिलर या कारागिराची. लाकूड ऊनपावसाने फुगते, आकसते, त्यात बसवलेले बोल्ट ढिले होतात. म्हणून सुतार तो सांगाडा पायी चढून वरचेवर तपासतात. माथ्यावर किंकाळ्या फोडणाऱ्या शेकडो लोकांचे प्राण या सुताराच्या हातोडीवर अवलंबून असतात. पण जाहिरातीत त्याचे नाव कधी छापले गेल्याचे आम्ही पाहिले नाही.

कंपन्यांच्या, युनियनच्या आणि निरनिराळ्या जमातींच्या सहली आयडोरात भरत. नृत्यगृहात नामांकित वाद्यवृंद वाजत. ज्या कामगारांनी १९३७ साली पोलाद-मालकांविरुद्ध संप लढवला आणि गोळ्या झेलल्या, त्यांचीच मुले या घोड्यांवर बसली. मात्र चित्र सर्वस्वी गोजिरवाणे होते असे कोणी समजू नये. त्या काळी अमेरिकेतील अशा बागांतून पोहण्याचे तलाव आणि नृत्यगृहे कृष्णवर्णीयांना बंद असणे हा नित्याचा प्रकार होता. एका भट्टीपुढे घाम गाळणारे दोघे एका पाण्यात पोहू शकत नव्हते. अशी भिंत आमच्या देशातही पाणवठ्यावर होती, आणि ती पाडण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, याची येथे आठवण होते.

१९ सप्टेंबर १९७७ हा यंगस्टाउनच्या इतिहासातील 'काळा सोमवार'. त्या दिवशी शहरातील मोठ्या पोलाद कंपनीने आपल्या कॅम्पबेल कारखान्याचा बहुतेक भाग बंद करण्याचे जाहीर केले आणि सुमारे ५,००० लोकांची भाकरी गेली. पाठोपाठ इतर कारखानेही बंद झाले. लोक स्वस्थ बसले नाहीत. धर्मगुरूंच्या पुढाकाराने नागरिकांनी पैसे जमवले. कारखाना आपणच विकत घेऊन चालवू, अशी योजना मांडली. १९७९ साली केंद्र सरकारने कर्जाची हमी नाकारली. दुसऱ्या एका कारखान्याचे प्रकरण १९८० साली न्यायालयात गेले. इतक्या वर्षांच्या संबंधातून या शहराला त्या कारखान्यावर मालमत्तेसारखा काही हक्क पोहोचत असेल काय, असा विचार न्यायाधीश लॅम्ब्रॉस यांनी सुनावणीत बोलून दाखवला. परंतु निकाल देताना तसा आधार कायद्यात सापडत नाही, असेच त्यांना म्हणावे लागले.

कारखाने गेल्यावर त्यांच्या सहली कोठून येणार? बागेचे गिऱ्हाईक आटले. २६ एप्रिल १९८४ रोजी दुरुस्तीचे जोडकाम चालू असता आग लागली व वाइल्ड कॅटचा काही भाग, तसेच आसपासची दुकाने जळाली. शेवटच्या मोसमात जॅक रॅबिटच्या गाड्या उलट्या तोंडाने पळवून लोकांना बोलावण्यात आले. सप्टेंबरात, अमेरिकेच्या कामगारदिनी, आयडोराचे फाटक मिटले. ऑक्टोबरात लिलाव झाला.

त्या लिलावात १९२२ सालचे लाकडी घोड्यांचे चक्र होते. १९७५ सालीच राष्ट्रीय वारशाच्या यादीत त्याची नोंद झाली होती. ब्रुकलिनच्या एका बांधकाम-व्यावसायिकाने व त्याच्या पत्नीने ते ३,८५,००० डॉलरला घेतले. जेन वॉलेन्टास या बाईंनी वर्षानुवर्षे हाताने रंगाचे थर खरवडून ४८ घोडे पुन्हा उजळले, आणि २०११ साली ते चक्र न्यूयॉर्कच्या नदीकाठी काचेच्या घरात फिरू लागले. त्यांच्या चिकाटीला आम्ही नमस्कार करतो. परंतु ज्या वस्तीशेजारी ते फिरते तीही एके काळी कारखान्यांची आणि वखारींची होती व आज तेथे श्रीमंतांची घरे आहेत, हे विसरता येत नाही. दोन्ही कोस्टर मात्र जागच्या जागी कुजत राहिले. मार्च २००१ मध्ये नृत्यगृह जळाले आणि त्याच वर्षी जुलैत दोन्ही सांगाडे पाडले गेले. २०२० साली शहराची वस्ती ६०,०६८ उरली होती.

आम्ही गिरणगावात वाढलो. दर डिसेंबरला वडील आम्हाला माहीमच्या उरुसात नेत व आकाशपाळण्यात बसवीत. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला. त्या डिसेंबरात आम्ही अकरा-बारा वर्षांचे होतो. उरूस आला आणि गेला. वडिलांनी त्याचे नाव काढले नाही आणि आम्हीही हट्ट केला नाही. पुढे त्यांची गिरणी बंद पडली. आज त्याच आवारात खेळण्याची आणि खाण्यापिण्याची आलिशान ठिकाणे आहेत. एकदा आम्ही नातवंडांसारख्या शेजारच्या पोरांना घेऊन तेथे गेलो, तिकिटाचा दर वाचला आणि परत फिरलो.

न्यायाधीश लॅम्ब्रॉस यांना कायद्यात न सापडलेला हक्क अद्यापि कोणाला सापडलेला नाही. तो मिळवणे हे पुढच्या पिढीचे काम आहे. तोवर निदान एवढे तरी आपल्या हातात आहे : आपल्यापैकी ज्यांच्या घरी गिरणीच्या सहलींचे फोटो, स्नेहसंमेलनांच्या पत्रिका, कामगार-नाटकांची तिकिटे असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. युनियनच्या कचेरीत एक कपाट आम्ही रिकामे केले आहे. तेथे ती आणून द्यावीत, आणि मागच्या बाजूस पेन्सिलीने नावे व साल लिहावे.