वऱ्हाडातील प्रवासी बैलगाडी ते फिफ्थ-व्हील ट्रेलर : वाहनाची निवड, मालकी आणि मुक्कामाचा प्रश्न
(विशेष संदर्भ : बार्शीटाकळी परिसर)

सारांश

पर्यटनासाठी स्वतःचे चाकांवरचे घर बाळगणे ही पाश्चात्त्य कल्पना मानली जाते. प्रस्तुत निबंधात वऱ्हाडातील प्रवासी बैलगाडी आणि फिफ्थ-व्हील प्रकारचा पर्यटन ट्रेलर यांची तुलना करण्यात आली आहे. ओढणारी शक्ती, भाराचा तोल आणि मुक्कामाची जागा हे वाहननिवडीचे तीन निकष दोन्हीकडे समान आहेत. यांपैकी तिसरा निकष वाहनाच्या मालकाच्या हाती नसतो. तो गावाच्या सामाईक जमिनीशी आणि थांबण्याच्या हक्काशी निगडित असतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

महत्त्वाचे शब्द : दमणी, रेंगी, बंडी, सेमी-ट्रेलर, कॅराव्हॅन, पडाव, ई-क्लास जमीन.

१. प्रस्तावना

वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासात बैलगाडीचा उल्लेख बहुधा कापसाच्या संदर्भात येतो. खामगाव, अकोला व अमरावती येथील बाजारांकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रांगा इतिहासकारांनी पाहिल्या. मात्र त्याच गाडीला तट्ट्या बांधून, आत कडब्यावर सतरंजी अंथरून यात्रेला निघणारे कुटुंब त्यांच्या नजरेतून निसटले. मालवाहतुकीच्या नोंदी जकातीच्या व व्यापाराच्या दप्तरात राहतात, हौसेच्या आणि श्रद्धेच्या प्रवासाच्या नोंदी राहत नाहीत, हे त्याचे एक कारण होय.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. त्यानंतर निवासयोग्य वाहनाची चर्चा पुन्हा सुरू झाली. या चर्चेत वाहनाची किंमत, सुविधा आणि नोंदणी यांना महत्त्व मिळते. ते वाहन रात्री कोठे उभे राहावे, हा प्रश्न मागे पडतो. या प्रश्नाला इतिहास आहे आणि तो बार्शीटाकळीसारख्या गावाच्या संदर्भात चांगला तपासता येतो.

प्रस्तुत निबंधासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला असून प्रकाशित गॅझेटियर, कायद्यांतील व्याख्या व शासकीय धोरण यांचा आधार घेण्यात आला आहे.

२. वऱ्हाडातील वाट आणि ऋतू

बार्शीटाकळी हे अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. येथील देवीच्या मंदिरातील शके १०९८ (इ.स. ११७६) चा शिलालेख या वस्तीचे प्राचीनत्व सिद्ध करतो. उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यातील पयानघाटाची काळी जमीन आणि दक्षिणेस बालाघाटाची चढण, यांच्यामधील हा प्रदेश आहे. अकोल्याहून महान व मंगरूळपीरकडे जाणारी वाट बार्शीटाकळीवरूनच जाते.

या वाटेवर गाडीपूर्वी लमाणांचे तांडे होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून सुमारे पाचशे मैलांवरील मिर्झापूरला जात असे. १८२५-२६ मध्ये विकाजी व पेस्तनजी या पारशी पेढीने वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे पाठविण्यास प्रारंभ केला. १८५३ च्या करारानंतर वऱ्हाड इंग्रजी प्रशासनाखाली आला, सडका बांधल्या गेल्या आणि १८६७ मध्ये मुंबईकडील लोहमार्ग नागपूरला पोहोचला. रेल्वेने बैलगाडी संपविली, हा समज मात्र अपुरा आहे. दूर पल्ल्याची लदणी संपली. परंतु स्थानकापर्यंतची आणि स्थानकापासून दूरच्या गावांची वाहतूक वाढली. बार्शीटाकळीला स्वतःचे रेल्वेस्थानक मिळण्यास १९६० चा सुमार उजाडावा लागला. अकोल्याला पूर्णा-हिंगोलीकडे जोडणारा तो मीटरगेज मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. मधल्या शंभर वर्षांत या परिसरातील कुटुंबाचे प्रवासाचे मुख्य साधन बैलगाडी हेच होते.

काळ्या जमिनीने प्रवासाचा ऋतूही ठरवून दिला होता. पावसाळ्यात चाक आखापर्यंत रुतत असे. त्यामुळे सुगी आटोपल्यापासून मृगापर्यंतचा काळ हाच गाडीप्रवासाचा काळ ठरला. रामनवमीच्या सुमारास भरणारी पोहरादेवीची यात्रा किंवा शेगावचा उत्सव या काळात येतो. शेगावसारखे ठिकाण बार्शीटाकळीहून बैलगाडीने एका दिवसात गाठता येत नसे. भरल्या गाडीचा दिवसाचा पल्ला वीस-पंचवीस किलोमीटरच्या पलीकडे सहसा जात नाही. म्हणजे मुक्काम हा प्रवासाचा अपरिहार्य भाग होता.

३. दमणी, रेंगी आणि बंडी : निवडीचे निकष

वऱ्हाडात गाडी हा एकच प्रकार नव्हता. बंडी ही शेतीची व मालाची जड गाडी. रेंगी ही एक-दोन माणसांना घेऊन दुडक्या चालीने पळणारी हलकी गाडी. दमणी ही बसून जाण्यासाठी केलेली प्रवासी गाडी. दमणी व रेंगी बाळगणे पाटील, देशमुख किंवा सावकार यांनाच परवडत असे, कारण वर्षातील थोड्या दिवसांसाठी वेगळी गाडी आणि पळणारी बैलजोडी पोसावी लागे. सामान्य शेतकऱ्याने यावर काढलेला मार्ग साधा होता. वर्षभर शेणखत, कडबा व कापूस वाहणारी बंडी धुऊन, तिला तट्ट्या बांधून तो यात्रेला निघे. केवळ हौसेसाठी वेगळे वाहन घ्यावे की रोजच्या वाहनालाच घराचे रूप द्यावे, हा निवडीचा पेच तेव्हाही होता.

निवडीचा पहिला निकष ओढणारी शक्ती हा होता. गाडी बैलांना पाहून घेतली जात असे. खामगावी बैल थोराड व जड कामाचा, उमरडा बांध्याने लहान पण चपळ, तर वर्धा-नागपूरकडील गवळाऊ हलक्या गाडीला जुंपून वेगाने पळणारा. उमरड्याच्या जोडीला जड बंडी जुंपणे म्हणजे घाटाच्या चढणीवर संकट ओढवून घेणे होय.

दुसरा निकष भाराच्या तोलाचा. दोन चाकांच्या गाडीत सगळा भार आखावर पडत नाही. काही भाग दांडीतून जुवावर आणि तेथून बैलांच्या मानेवर येतो. भार मागे गेला तर गाडी उलाळते, दांडी वर उचलली जाऊन बैलांच्या गळ्याला ओढ बसते. भार पुढे आला तर मान सोलून निघते. म्हणून दाण्याचे पोते, पाण्याची घागर आणि म्हातारी माणसे कोठे बसवायची, याचा विचार गाडीवानाला करावा लागे. हे ज्ञान ग्रंथात नव्हते. सुतार-लोहाराच्या हातात आणि गाडीवानाच्या नजरेत ते होते.

४. पाचव्या चाकाचा इतिहास

याच दोन निकषांवर पाश्चात्त्य देशांतील पर्यटन ट्रेलरची घडण झाली. इंग्लंडमध्ये १८८५ च्या सुमारास गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल डॉक्टराने ‘द वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढायची निवासगाडी खास हौसेच्या प्रवासासाठी बांधून घेतली. १९०७ मध्ये तेथे कॅराव्हॅन क्लबची स्थापना झाली. तत्पूर्वी तशा गाड्यांत राहणारे लोक प्रामुख्याने जिप्सी व फिरते खेळवाले होते.

‘फिफ्थ व्हील’ म्हणजे पाचवे चाक हा शब्दही घोडागाडीचाच. चार चाकी बग्गीचा पुढचा आख वळावा म्हणून त्यावर आडवे बसविलेले लोखंडी कडे त्या नावाने ओळखले जाई. १९१४ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे ऑगस्ट फ्रुहाउफ या लोहारकाम व गाड्या बनविणाऱ्या कारागिराने एका लाकूड व्यापाऱ्यासाठी फोर्ड मोटारीमागे जोडायचा ट्रेलर तयार केला. त्या व्यापाऱ्याला आपली होडी सुटीच्या ठिकाणी न्यावयाची होती. आज जगभर मालवाहतूक करणाऱ्या सेमी-ट्रेलरच्या आरंभी असा सुटीचा प्रसंग आहे. पुढे विमाननिर्माते ग्लेन कर्टिस यांनी १९२८ च्या सुमारास ‘एरोकार’ हा याच तत्त्वावरील निवासी ट्रेलर बाजारात आणला.

साधा ट्रेलर मोटारीच्या मागील टोकाला अडकविला जातो. फिफ्थ-व्हील ट्रेलरचा पुढचा भाग पिकअप ट्रकच्या हौद्यात, मागील आखाच्या वर टेकतो. त्याच्या वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के भाग ओढणाऱ्या वाहनावर येतो. त्यामुळे तो कमी हेलकावतो आणि मोठे घर ओढणे शक्य होते. त्याची किंमतही तशीच मोजावी लागते : हौदा अडकून पडतो, साध्या मोटारीला तो जोडता येत नाही, आणि ट्रकची भारक्षमता आधी पाहावी लागते. जुवावर येणारा भार आणि हौद्यावर येणारा भार यांचे तत्त्व एकच आहे. दोन्हीत आणखी एक साम्य दिसते. मुक्कामी बैल सोडले की गाडी घर होते आणि बैल चरायला मोकळे होतात. ट्रेलर सोडला की तो घर होतो आणि ट्रक फिरायला मोकळा होतो. ओढणारा आणि घर यांची फारकत हाच या वाहनाचा खरा गुण होय.

५. मुक्कामाची जागा

येथेच तिसरा निकष पुढे येतो. बैल सोडायचे तर त्यांना चारा, पाणी व सावली हवी. वऱ्हाडातील गाडीप्रवासाचा आधार नदीकाठ, सार्वजनिक विहीर, आमराई, देवळाचे आवार आणि गावाची चराईची जमीन हा होता. गावाच्या या सरकारी पडीत जमिनीला वऱ्हाडात लोक ई-क्लास म्हणतात. तेथे रात्री गाड्या गोल लावल्या जात, गोवऱ्यांच्या आहारात रोडगे भाजले जात, वांग्याची भाजी शिजे. रोडग्यांचे जेवण वऱ्हाडात आजही उघड्यावरच्या पंगतीचे म्हणून ओळखले जाते.

मुक्कामाची जागा ही गावाने राखण्याची गोष्ट आहे, ही जाणीव कायद्यातही उतरली. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२ मध्ये चराई, स्मशान, गावठाण, खळे व बाजार यांच्याबरोबर पडावासाठीही सरकारी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे. हा उल्लेख बैलगाडीच्या युगाचा कायद्यात उरलेला ठसा मानता येईल. प्रत्यक्षात मात्र एस.टी. गावोगावी पोहोचल्यावर मुक्कामाची गरज उरली नाही, आणि गरज सरताच जागेकडे पाहण्याची दृष्टी बदलली. आमराया तुटल्या, चराईच्या जमिनी अतिक्रमणाखाली किंवा इतर उपयोगाखाली गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींच्या ऱ्हासाची गंभीर दखल घेतली.

६. थांबण्याचा हक्क कोणाचा?

सामाईक जागेचा हा इतिहास सर्वांसाठी सारखा नव्हता, हेही नोंदविणे आवश्यक आहे. यात्रेला निघालेल्या पाटलाच्या दमणीला गावात मान होता. ज्यांचे घरच चाकांवर वा बैलांच्या पाठीवर होते, त्यांना तो नव्हता. गाडी लोहार आपल्या गाडीतच संसार करीत गावोगाव अवजारे घडवीत फिरत. पारधी व इतर भटक्या समूहांवर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या १९११ व १९२४ च्या सुधारित रूपांनी फिरण्यावर व थांबण्यावर पाळत ठेवली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. परंतु पाल टाकलेल्या माणसाकडे संशयाने पाहण्याची सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही. सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे हटविताना याच लोकांची पाले प्रथम उठविली जाण्याचा धोका असतो. म्हणून चराईची जमीन वाचविण्याचा आग्रह आणि भटक्यांचा निवाऱ्याचा हक्क यांचा विचार एकत्र करावा लागेल.

७. कायदा, धोरण आणि आजची निवड

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये ट्रेलर व सेमी-ट्रेलर यांच्या स्वतंत्र व्याख्या आहेत. ज्याचा काही भाग ओढणाऱ्या वाहनावर टेकतो व ज्याच्या वजनाचा अंश ते वाहन पेलते, तो सेमी-ट्रेलर. फिफ्थ-व्हील ट्रेलर या व्याख्येत बसतो. असे असले तरी भारतात पिकअप वाहने मुख्यतः मालवाहू म्हणून नोंदली जात असल्याने कौटुंबिक वापरासाठी हा प्रकार निवडणे अवघड जाते. राज्याच्या २०२१ च्या धोरणात एक आखी व दोन आखी कॅराव्हॅन, तंबू ट्रेलर, घडीची कॅराव्हॅन व कॅम्पर ट्रेलर असे प्रकार नमूद आहेत. अकोला जिल्ह्यातील मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाच्या दृष्टीने पाहिल्यास साध्या मोटारीमागे ओढता येईल असा लहान एक आखी ट्रेलर हाच व्यवहार्य ठरतो. वर्षातील बहुतेक दिवस तो दारात उभा राहणार, त्याची चाके, छप्पर व जोड यांची निगा राखावी लागणार, हे गृहीत धरले पाहिजे. रोजची बंडीच यात्रेला नेणाऱ्या शेतकऱ्याचा हिशेब येथे मार्गदर्शक आहे.

धोरणात कॅराव्हॅन पार्कचीही कल्पना आहे. पाणी, वीज व सांडपाण्याची सोय असलेली अशी जागा उपयुक्त आहेच. पण ती पर्यटनस्थळापुरती मर्यादित राहण्याचा संभव आहे. बैलगाडीच्या काळातील मुक्काम मात्र वाटेवर होता. बार्शीटाकळी तालुक्यातील महान येथे काटेपूर्णा धरण आहे, परिसरात अभयारण्य आहे, पुढे कारंजा व पोहरादेवी आहे. अशा वाटेवर गावाने राखलेली, पाणी व स्वच्छतागृह असलेली पडावाची जागा निर्माण झाल्यास तिचा लाभ कॅराव्हॅनवाल्याबरोबर पायी वारकरी, मेंढपाळ आणि ऊसतोडीला जाणारी कुटुंबे यांनाही होईल.

८. निष्कर्ष

१) चाकांवरचे घर ही कल्पना वऱ्हाडाला नवी नाही. तट्ट्या बांधलेली बंडी हे तिचे स्थानिक व सर्वसामान्यांना परवडणारे रूप होते.

२) ओढणाऱ्या शक्तीशी वाहनाचा मेळ आणि भाराचा तोल हे निकष बैलगाडी व फिफ्थ-व्हील ट्रेलर या दोहोंत तत्त्वतः एकच आहेत.

३) मालकी वाहनाची असते, मुक्कामाची नसते. सामाईक जमिनीच्या ऱ्हासामुळे वाहन विकत घेता येते, पण थांबता येत नाही, अशी स्थिती निर्माण होते.

४) थांबण्याचा हक्क इतिहासात विषम राहिला. महसूल अधिनियमातील पडावाच्या तरतुदीचा उपयोग करताना हौशी पर्यटक आणि पोटासाठी फिरणारा माणूस यांना एकाच जागेवर स्थान देणे, ही त्या इतिहासाची दुरुस्ती ठरेल.