व्हरमाँटमधील उलगडा न झालेली बेपत्ता प्रकरणे

व्हरमाँटमधील उलगडा न झालेली बेपत्ता प्रकरणे : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ईशान्य भागातील व्हरमाँट राज्यात विसाव्या शतकात ज्या व्यक्ती नाहीशा झाल्या किंवा मारल्या गेल्या आणि ज्यांचा तपास दीर्घकाळ निष्फळ ठरला, अशा प्रकरणांचा हा इतिहास होय. त्यांपैकी एका प्रकरणामुळे राज्य पोलीस दलाच्या स्थापनेस चालना मिळाली. त्यामुळे गुन्हेगारीच्या इतिहासाप्रमाणेच प्रशासनाच्या इतिहासातही या प्रकरणांना महत्त्व आहे.

पार्श्वभूमी : राज्याचे क्षेत्रफळ सु. २४,९०० चौ. किमी. असून १९४० च्या जनगणनेत लोकसंख्या ३,५९,२३१ होती. ग्रीन मौंटन्स ही अरण्यमय पर्वतरांग राज्यातून उत्तर-दक्षिण गेलेली आहे. तिच्या माथ्यावरून लाँग ट्रेल ही पायवाट १९१० ते १९३० या काळात तयार करण्यात आली. स्थानिक स्वायत्ततेचा अभिमान हे व्हरमाँटच्या राजकारणाचे वैशिष्ट्य होते. लोकसंख्या कितीही असली, तरी प्रत्येक गावाला विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात एक प्रतिनिधी मिळे. ही पद्धत १९६५ पर्यंत टिकली. चौदा परगण्यांतील कायदा व सुव्यवस्था निर्वाचित शेरीफ आणि सरकारी वकील यांच्या हाती असे. राज्यव्यापी पोलीस दलाची कल्पना पूर्वी मांडली गेली होती. परंतु खर्चाची धास्ती आणि स्थानिक अधिकारांवर गदा येईल ही शंका, यांमुळे ती मागे पडत असे.

बेनिंग्टन परिसरातील घटना : राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात बेनिंग्टनजवळ ग्लॅस्टनबरी पर्वत आहे. त्याच्या आसमंतात लाकूडतोड व कोळशाच्या भट्ट्या यांवर वसलेले गाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओस पडले आणि १९३७ मध्ये त्याची नगरसंस्थाही विसर्जित करण्यात आली. नोव्हेंबर १९४५ मध्ये शिकाऱ्यांच्या एका गटाला घेऊन गेलेला ७४ वर्षांचा अनुभवी वाटाड्या याच टापूत नाहीसा झाला.

पुढच्याच वर्षी, १ डिसेंबर १९४६ रोजी, बेनिंग्टन महाविद्यालयातील १८ वर्षांची एक विद्यार्थिनी भोजनगृहातील आपले काम आटोपून एकटीच फिरावयास निघाली. एका मोटारचालकाने तिला काही अंतर आणून सोडले. लाँग ट्रेलविषयी तिने वाटेत चौकशीही केली. तिच्या अंगात लाल जाकीट होते. दुपार कलल्यावर ती त्या वाटेवर दिसली, ती शेवटचीच. ती वसतिगृहात परतली नसल्याचे दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांना कळविण्यात आले. शेकडो स्वयंसेवक, विद्यार्थी व अध्यापक यांनी जंगल पालथे घातले. पाच हजार डॉलरांचे बक्षीसही जाहीर झाले. परंतु या शोधास एकसूत्री नेतृत्व नव्हते, साक्षींची नोंद वेळेवर झाली नाही आणि कनेक्टिकट व न्यूयॉर्क या राज्यांच्या पोलिसांचे साहाय्य घ्यावे लागले. विद्यार्थिनीच्या वडिलांनी या ढिसाळपणावर उघड टीका केली व लोकमत प्रक्षुब्ध झाले. परिणामी विधिमंडळाने १९४७ मध्ये सार्वजनिक सुरक्षा विभाग निर्माण केला आणि त्या वर्षीच्या जुलैमध्ये व्हरमाँट राज्य पोलीस दल अस्तित्वात आले. दुसऱ्या महायुद्धात नावाजलेले मेजर जनरल मेरिट एडसन हे त्याचे पहिले आयुक्त होत. त्या विद्यार्थिनीचा मात्र शोध लागला नाही.

यानंतर १ डिसेंबर १९४९ रोजी एक वृद्ध माजी सैनिक बसच्या प्रवासात नाहीसा झाला. चालत्या बसमधून तो अदृश्य झाला, असे नंतरच्या लेखनात सांगितले जाते. परंतु तो कोठे उतरला हे कोणाच्या ध्यानात आले नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. ऑक्टोबर १९५० मध्ये आठ वर्षांचा एक मुलगा आणि त्याच महिन्यात, ओले कपडे बदलण्यासाठी तळाकडे परतणारी एक मध्यमवयीन स्त्री, असे दोघे बेपत्ता झाले. स्त्रीचे शव मे १९५१ मध्ये आढळले. परंतु मृत्यूचे कारण ठरविता आले नाही. पाचांपैकी एवढ्या एकीचेच अवशेष मिळाले.

दंतकथेचा विस्तार : या घटनांना ‘बेनिंग्टन त्रिकोण’ हे नाव लेखक जोसेफ सिट्रो यांनी १९९२ मध्ये दिले. वय, लिंग व परिस्थिती यांत साम्य नसलेल्या घटना एका नावाखाली आल्याने त्यांमागे एकच गूढ शक्ती असल्याचा भास निर्माण झाला. वास्तविक दाट जंगल, लवकर मावळणारा दिवस, थंडी आणि उशिरा सुरू झालेला शोध ही कारणे त्यांपैकी काहींना पुरेशी ठरतात. गुन्ह्याची शक्यताही नाकारता येत नाही. जेथे तपासाची कागदपत्रे तोकडी पडली, तेथे दंतकथेने जागा घेतली.

साक्षीचा अभाव : पोलीस यंत्रणा उभी राहिल्याने सर्वच प्रश्न सुटले नाहीत. न्यूबरी गावचा एक शेतकरी ३१ डिसेंबर १९५७ रोजी पहाटे गोठ्यात गेला, तो परतला नाही. मार्च १९५८ मध्ये कनेक्टिकट नदीत हातपाय बांधलेल्या स्थितीत त्याचे शव सापडले. आपल्या गड्याला त्याने मारहाण केल्याची वार्ता गावात पसरली होती. त्यामुळे हा सामूहिक सूड असावा, असा तर्क करण्यात आला. दोघांवर खटले भरण्यात आले. परंतु दोघेही १९५९ मध्ये निर्दोष सुटले. येथे उणीव होती ती यंत्रणेची नव्हे, तर बोलण्यास तयार असलेल्या साक्षीदारांची.

नवे तंत्र : बर्लिंग्टन येथे जुलै १९७१ मध्ये एका २४ वर्षांच्या शिक्षिकेचा तिच्या राहत्या घरी खून झाला. घटनास्थळी मिळालेले सिगारेटचे थोटूक पोलिसांनी जपून ठेवले होते. त्यावरील डीएनए व वंशावळींचा अभ्यास यांच्या साहाय्याने २०२३ मध्ये खुनी निश्चित करण्यात आला. तो त्याच इमारतीत राहणारा शेजारी होता. त्याच्या पत्नीने, तो त्या रात्री घरीच होता, अशी दिलेली ग्वाही तिने नव्या तपासात मागे घेतली. तो १९८६ मध्येच मरण पावलेला असल्याने खटला होऊ शकला नाही.

मूल्यमापन : खुनाच्या आरोपास व्हरमाँटच्या कायद्यात कालमर्यादा नाही, त्यामुळे जुनी प्रकरणे तत्त्वतः खुलीच राहतात. मात्र विज्ञानाला आधार लागतो तो जतन केलेल्या वस्तूंचा. १९७१ चे थोटूक जपले गेले म्हणून अर्धशतकानंतर उत्तर मिळाले. १९४६ च्या वाटेवरून तपासता येईल असे काहीच हाती आले नाही. मॉन्टगोमरी येथे मार्च २००४ मध्ये बेपत्ता झालेल्या १७ वर्षांच्या मुलीची मोटार एका ओसाड घराला टेकलेली आढळली. सुसज्ज पोलीस दल असूनही ते प्रकरण सुटलेले नाही. अशा प्रकरणांत मृत्यूची निश्चिती नसल्याने कुटुंबियांना शोकही पूर्ण करता येत नाही. म्हणून पहिल्या काही तासांतील तत्परता आणि पुराव्यांचे जतन यांचे महत्त्व व्हरमाँटच्या इतिहासातून स्पष्ट होते.

पहा : गुन्हाशास्त्र, न्यायवैद्यक, पोलीस, व्हरमाँट.