१०७ व्या मजल्यावरची पंगत



मागच्या महिन्याच्या बैठकीत वसुली झाली, वही मिटली. चहा यायला वेळ होता, तेवढ्यात एकीने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा उंच इमारतीच्या टोकावरचं हॉटेल. काचेपलीकडे खाली सगळं शहर, दिवे लागलेले, आणि टेबलावर भल्यामोठ्या पांढऱ्या बशीत एवढंसं काहीतरी. "एवढ्यात पोट भरतं होय गं?" असं एक म्हणाली. सगळ्या हसल्या. मग कोपऱ्यातून दुसरीनं विचारलं, "अगं, पण तेवढ्या वर भांडी कोण घासतं?"

तो प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. म्हणून आजच्या भागात आम्ही तुम्हाला अशाच एका हॉटेलाचा इतिहास सांगणार आहोत. आपण खाण्याच्या जागेला हॉटेलच म्हणतो, इथंही तसंच म्हणू. हे हॉटेल होतं अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात. नाव होतं 'विंडोज ऑन द वर्ल्ड', म्हणजे जगाकडे उघडणाऱ्या खिडक्या.

न्यूयॉर्कमध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटर नावाच्या दोन जुळ्या इमारती होत्या, प्रत्येकी ११० मजल्यांच्या. त्यातल्या उत्तरेकडच्या इमारतीत १०६ आणि १०७ व्या मजल्यावर हे हॉटेल होतं. जमिनीपासून साधारण ४०० मीटर उंच. गावची पाण्याची टाकी २० मीटरची धरली, तर अशा वीस टाक्या एकीवर एक रचल्या की तिथं पोचाल. लिफ्टनं वर जायचं. आकाश स्वच्छ असेल तर नद्या, पूल, बंदर, समुद्रात उभा असलेला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, सगळं पायाखाली. ढग उतरले की मात्र काचेबाहेर नुसतं पांढरं. म्हणजे नजाऱ्याचे पैसे मोजायचे आणि धुकं बघून परत यायचं, असंही व्हायचं.

हॉटेल उघडलं १९ एप्रिल १९७६ रोजी. तो काळ न्यूयॉर्कला चांगला नव्हता. आदल्याच वर्षी शहराची तिजोरी रिकामी होऊन दिवाळं निघायची वेळ आली होती. या दोन इमारतींनाही लोक नावं ठेवत, एवढा खर्च कशाला केला म्हणून. अशा वेळी जो बाउम नावाच्या अनुभवी हॉटेलवाल्याने तिथं ही जागा उभी केली. त्या सगळ्या इमारतींच्या खाण्यापिण्याची आखणीच त्याच्याकडे होती, खालच्या साध्या खाण्याच्या ठिकाणांपासून वरच्या या थाटाच्या जागेपर्यंत. वरचं हॉटेल दुपारी क्लबच्या सभासदांसाठी असे, संध्याकाळी कुणालाही खुलं. कुणालाही म्हणजे ज्याच्या खिशात पैसे आणि अंगात कोट आहे त्याला. जीन्स घालून आलात तर आत जाता येत नसे. तरी लोक रांगा लावून आले. वाढदिवस, लग्नाची मागणी, मोठे व्यवहार, सगळं तिथं व्हायचं. दारूच्या बाटल्यांसाठी एक वेगळा जाणकार नेमलेला होता आणि कोणती दारू कशी ओळखायची याचे चक्क वर्ग चालत. आमच्या गावात दारूबंदीसाठी मोर्चे काढलेल्या बायांनी हे ऐकून कपाळाला हात लावला, पण इतिहास आहे, सांगायला हवा.

२००० साली या एका हॉटेलाची उलाढाल सुमारे ३ कोटी ७० लाख डॉलर होती. सगळ्या अमेरिकेत एवढी कमाई करणारं दुसरं हॉटेल नव्हतं.

आता भांड्यांच्या प्रश्नाकडे येऊ. एवढी पंगत रोज उठवायची तर शेकडो हात लागतात. भाज्या निवडणारे, चिरणारे, पाव भाजणारे, आचारी, वाढपी, उष्टी ताटं उचलणारे, भांडी घासणारे, माल उतरवून घेणारे, टेबलावरचं कापड बदलणारे. ही माणसं बहुतेक परदेशातून पोटासाठी आलेली होती. मेक्सिको, इक्वाडोर, डोमिनिकन रिपब्लिक, बांगलादेश, मोरोक्को, आफ्रिकेतले देश, असे कितीतरी. एकाच स्वयंपाकघरात कितीतरी भाषा. काहींकडे त्या देशात राहण्याचे कागदच नव्हते. महिन्याला घरी पैसे पाठवायचे आणि कुणाच्या नजरेत न येता राहायचं. ऊसतोडीला जाणाऱ्या, शहरात धुणीभांडी करणाऱ्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

या हॉटेलावर पहिला घाला आला २६ फेब्रुवारी १९९३ ला. इमारतीच्या तळघरात, गाड्या उभ्या करतात तिथं, अतिरेक्यांनी बॉम्ब फोडला. सहा माणसं गेली. त्यातला एक याच हॉटेलाचा होता, खाली माल उतरवून घेण्याचं काम करणारा. वरच्या लोकांना धुरानं भरलेले जिने अंधारात उतरावे लागले, कित्येकांना त्यात तासन् तास गेले. हॉटेल बंद पडलं ते तीन वर्षं. १९९६ साली ते पुन्हा थाटात उघडलं, तेव्हा जुन्या कामगारांना परत घ्यायचं की नाही यावरून वाद झाला. कामगार संघटना त्यांच्या बाजूनं उभी राहिली. म्हणजे चमचे-काटे नवे, गालिचे नवे, पण जिनं दहा-पंधरा वर्षं तिथं ताटं उचलली ती माणसं दाराबाहेर. संघटना नसती तर त्यांचं ऐकलंही गेलं नसतं, असं आम्हाला वाटतं.

मग आला ११ सप्टेंबर २००१. मंगळवार, सकाळची वेळ. नाश्ता चालू होता, आणि एका परिषदेसाठी बाहेरून आलेले पाहुणेही जमले होते. ८ वाजून ४६ मिनिटांनी अतिरेक्यांनी पळवलेलं विमान त्या इमारतीवर आदळलं, ९३ ते ९९ या मजल्यांच्या दरम्यान. हॉटेल त्याच्या वर. इमारतीत तीन जिने होते, तिन्ही तुटले. खाली यायला वाट उरली नाही. हॉटेलातली एक व्यवस्थापक बाई खालच्या पोलिसांना पुन्हा पुन्हा फोन करत होती: धूर वाढतोय, माणसांना कुठं नेऊ? ते फोन नोंदवले गेले आणि पुढे लोकांसमोर आले. तिच्या फोनला मदतीचा शब्द मिळत होता, मदत पोचत नव्हती. १०२ मिनिटांनी, १० वाजून २८ मिनिटांनी इमारत कोसळली. विमान आदळलं त्याच्या वरच्या मजल्यांवरचं कुणीही वाचलं नाही. हॉटेलाचे सत्तरहून अधिक कामगार त्या सकाळी कामावर होते.

हॉटेलाचा मुख्य आचारी वाचला, कारण चष्मा दुरुस्त करायला तो खाली दुकानात थांबला होता. बाकी वाचले ते संध्याकाळच्या पाळीचे. त्या दिवशी कुणी पाळी बदलून घेतली, कुणाला उशीर झाला, अशा गोष्टी नंतर पुष्कळ सांगितल्या गेल्या. त्यात आम्ही शिरत नाही.

आम्हाला जास्त सांगायचंय ते यानंतरचं. इमारती पडल्याचं चित्र सगळ्या जगानं पाहिलं, पण दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटवायची हा प्रश्न ज्यांच्यापुढं होता त्यांची गोष्ट फार कुणी सांगत नाही. मेलेल्यांच्या घरी कमावतं माणूस गेलेलं. वाचलेल्यांचं काम गेलेलं. शहरात लोक बाहेर खायला जाईनासे झाले, त्यामुळे हॉटेलांतल्या हजारो जणांचा रोजगार बसला. ज्यांच्याकडे कागद नव्हते त्यांच्या घरच्यांना तर आपला माणूस तिथं कामाला होता हेच आधी दाखवावं लागलं. सरकारच्या भरपाईत कागद नसलेल्यांच्या वारसांनाही हक्क मिळाला, पण तो मागायला पुढं यायचीही भीती. आपल्याकडं मजूर नवरा परगावी मेला की बाईला कुठले-कुठले दाखले गोळा करावे लागतात, ते आपण गटात पाहिलेलं आहे. आमच्या एका सभासदानं तर सहा महिने एका कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा कुठं नाव लागलं.

मदतही झाली, हे सांगायला हवं. वाचलेला तो मुख्य आचारी आणि इतर काही हॉटेलवाले यांनी मिळून एक निधी उभा केला. एक दिवस ठरवून हजारो हॉटेलांनी त्या दिवसाच्या कमाईतला वाटा दिला. २ कोटी डॉलरहून जास्त रक्कम जमली. हॉटेल-धंद्यातल्या मृतांच्या घरांना ती दिली, मुलांच्या शिक्षणालाही.

पण वाचलेल्यांना मदतीपेक्षा काम हवं होतं. त्यांच्यात फेक्काक ममदूह नावाचा मोरोक्कोहून आलेला वाढपी होता. विंडोजमध्ये कामगारांच्या तक्रारी मालकापुढं मांडायचं काम तोच करायचा. त्याच्या जोडीला आली सरू जयरामन, भारतातून तिकडं गेलेल्या आईबापांची मुलगी, शिकलेली तरुण वकील. दोघांनी २००२ साली हॉटेल कामगारांचं एक केंद्र काढलं. त्यांचा पहिलाच झगडा झाला जुन्या मालकाशी. त्यानं शहरात नवं हॉटेल उघडलं आणि विंडोजच्या बहुतेकांना घेतलं नाही. कामगार त्या हॉटेलासमोर उभे राहिले, वर्तमानपत्रात आलं, मग त्यातल्या बऱ्याच जणांना काम मिळालं.

यानंतर त्यांच्यात बोलणं सुरू झालं ते आपल्याला फार ओळखीचं आहे. दुसऱ्याच्या दारात किती दिवस उभं राहायचं? आपलंच हॉटेल काढलं तर? सगळ्यांचं मिळून, सहकारी. रांधता येतं, वाढता येतं, गिऱ्हाईक सांभाळता येतं. नव्हतं ते भांडवल. बँका दारात उभं करीनात. इटलीतल्या एका सहकारी संस्थेनं पैसा घातला, काही कर्ज मिळालं, आणि सभासदांनी पैशाऐवजी श्रमाचा वाटा दिला. तीन वर्षांहून जास्त काळ नुसत्या बैठका. तेवढ्यात कितीतरी जण गळाले, कारण बैठकीनं पोट भरत नाही. उरले त्यांनी जानेवारी २००६ मध्ये हॉटेल उघडलं. नाव ठेवलं 'कलर्स', रंग. मालक तेच आणि कामगारही तेच, वीसहून अधिक देशांतून आलेले. पदार्थ कुठले, तर आपापल्या आईच्या, आजीच्या हातचे आठवून मांडलेले. वर खिडकीतून शहर दिसत नव्हतं, रस्त्याच्या पातळीवरची साधी जागा होती.

इथं थांबून 'आणि मग ते सुखानं नांदू लागले' असं सांगता आलं असतं. तसं झालं नाही. शहरात भाडी जबर, डोक्यावर कर्ज, २००८ ची मंदी आली. चांगलं रांधणारा माणूस हिशेबात चांगला असतोच असं नाही, आणि आज आपण मालक आहोत की नोकर हे सांभाळताना भांडणं होतात. सुरुवातीचे बरेच सभासद सोडून गेले. पुढं ती जागा तरुण कामगारांना हॉटेलचं काम शिकवण्यासाठी जास्त वापरली गेली, आणि शेवटी बंदही झाली. आम्हाला विचाराल तर तीन वर्षं बिनकमाईच्या बैठकांत माणसं झिजली तिथंच अर्धा जीव गेला. आधी एखादी छोटी खानावळ चालवून बघायला हवी होती. अर्थात लांबून सांगायला काय जातं. आपल्या मसाल्याच्या युनिटलाही दोन वर्षं कुलूप होतंच की.

केंद्र मात्र वाढलं, दुसऱ्या शहरांत गेलं. त्याची एक मागणी अजून चालू आहे. अमेरिकेत ज्यांना गिऱ्हाइकाकडून बक्षिसी मिळते त्यांना मालकानं तासाला निदान २ डॉलर १३ सेंट दिले पाहिजेत असा देशाचा कायदा आहे, आणि हा आकडा १९९१ पासून तसाच आहे. काही राज्यांनी आपापल्या कायद्यानं तो वाढवला, बाकीकडं तेवढाच. गिऱ्हाईक खूश झालं तर चूल पेटणार. या मंडळींत बायका जास्त, आणि बक्षिसीसाठी कुणाचं काय काय हसून सोसावं लागतं हे त्यांनी उघड सांगितलं. त्यावर सरू जयरामन यांनी पुस्तकंही लिहिली.

त्या जागी आता नवी इमारत उभी आहे. २०१५ पासून तिच्या १०१ व्या मजल्यावर पुन्हा खाण्याची जागा आहे, पुन्हा काचेतून शहर दिसतं. खाली, जुन्या इमारती होत्या तिथं दोन मोठी कुंडं केली आहेत, पाणी सतत आत पडत राहतं. काठावर काशाच्या पत्र्यात गेलेल्यांची नावं कोरली आहेत. ती लहान-मोठा पाहून लावलेली नाहीत. जे एकत्र काम करत होते त्यांची नावं एकमेकांशेजारी आहेत, म्हणून विंडोजमधली माणसं एका ओळीत जवळजवळ सापडतात, वाढपी, आचारी, व्यवस्थापक, भांडी घासणारे. ज्याचा वाढदिवस असेल त्याच्या नावात त्या दिवशी सकाळी तिथले कर्मचारी एक पांढरं गुलाबाचं फूल खोवून जातात.