पोळ्यांतील वैरी

घरांत येणाऱ्या मधाच्या बाटलीमागें एका जुन्या वैराचा इतिहास आहे. जावा बेटांत सातेरी जातीच्या मधमाशांवर एक तांबूस, चपटा कोळी आढळला. १९०४ सालीं ऊदमान्स या डच शास्त्रज्ञानें त्याचें वर्णन केलें व रोमन पंडित वारो याच्या नांवावरून त्यास ‘वरोआ’ म्हटलें.

सातेरी माशीला हा वैरी नवा नव्हे. ती त्यास अंगावरून वेंचून काढते. तोहि तिच्या पोळ्यांत बहुधा नरांच्याच कोठड्यांत वाढतो. म्हणून दोघेंहि टिकलीं.

युरोपांतून आणलेल्या मेलिफेरा माशीला मात्र ही विद्या अवगत नव्हती. १९६० नंतरच्या दशकांत आजच्या हिमाचल प्रदेशांतील नग्रोटा येथें ती रुजली आणि अधिक मध देते म्हणून पुढें महाराष्ट्रांतहि आली. तिच्या पोळ्यांत वरोआ कामकरी माशांच्याहि कोठड्यांत शिरतो, पिलांच्या अंगावर पोसतो आणि पंख लुळे करणारा विषाणु पसरवितो.

उपाय आहेत. फॉर्मिक आम्लाची वाफ झांकलेल्या कोठडींतहि पोंचते. ऑक्झॅलिक आम्ल तेथवर जात नाहीं, म्हणून पिलावा कमी असतांनाच तें उपयोगी पडतें. ओव्यांतील थायमॉलहि कामास येतें. परंतु मात्रा चुकल्यास माशीच मरते, आणि मधाच्या हंगामांत औषध वापरल्यास त्याचा अंश मधांत उतरूं शकतो.

सातेरीनें जें युगानुयुगें शिकून घेतलें, तें मेलिफेरासाठीं माणसालाच करावें लागतें. अधिक मधाची खरी किंमत ती हीच.