मोटारीची मागची स्प्रिंग: तिची जन्मकथा आणि घरची दुरुस्ती

मोटारगाडींत बसणाऱ्या माणसाला इंजिनाची आठवण क्षणोक्षणीं होते. टायरची आठवण तें फुटलें म्हणजे होते. परंतु ज्यांच्यावर गाडीचें सारें ओझें, आणि त्याबरोबर तो स्वतःहि, तोललेला असतो त्या स्प्रिंगांची आठवण त्याला बहुधा होतच नाहीं. मग एखादे दिवशीं मागच्या बाजूनें 'खट्' असा आवाज येतो, गाडी एका अंगाला कललेली दिसते, आणि खालीं वांकून पाहिलें तर पोलादी वेटोळ्याचें टोक तुटलेलें आढळतें. हें वेटोळें बदलण्याचें काम युरोप-अमेरिकेंत कित्येक गृहस्थ आपल्या घराच्या अंगणांत स्वतः करतात. लोहाराच्या भात्यावांचून आणि ऐरणीवांचून, चार पाने आणि एक जॅक एवढ्याच सामग्रीवर हें काम घरीं होऊं शकतें, याच्या मागें मोठा इतिहास आहे. या कामांत सोपें काय आणि जिवावर बेतणारें काय, हेंहि त्या इतिहासावरूनच उलगडतें.

स्प्रिंगेच्या शास्त्राचा पाया इंग्लंडांत रॉबर्ट हूक यानें घातला. १६७६ सालीं त्यानें आपला सिद्धांत उलटसुलट केलेल्या अक्षरांच्या कोड्यांत दडवून छापला आणि १६७८ सालीं तें कोडें स्वतःच उलगडून दाखविलें. भार दुप्पट केला तर स्प्रिंग दुप्पट दबते, भार काढला तर ती पूर्ववत् होते. अर्थात् हें सारें एका मर्यादेच्या आंत. एवढें साधें सत्य, परंतु आजच्या प्रत्येक मोटारीचें ओझें त्यावरच उभें आहे. १७६३ सालीं इंग्लंडांत ट्रॅडवेल याच्या नांवें वेटोळ्याच्या स्प्रिंगेचें पेटंटहि निघालें. असें असूनहि पुढें दीडशें वर्षें रस्त्यावरच्या गाड्यांवर अधिराज्य चाललें तें वेटोळ्याचें नव्हे, तर एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांच्या कमानीचें. १८०४ सालीं लंडनचा गाड्या बांधणारा कारागीर ओबडाया एलियट यानें अशा कमानींचें पेटंट घेतलें, आणि त्यानंतर घोडागाडी म्हटली कीं तिच्याखालीं पाट्यांची कमान असावयाची, असें जणुं ठरूनच गेलें. आपल्याकडील टांगा आणि बग्गी हींहि त्याच कुळांतलीं वाहनें.

पाट्यांच्या कमानीला हें स्थान उगीच मिळालें नव्हतें. ती एकटी चार माणसांचें काम करी. गाडीचें वजन तर ती पेलीच. शिवाय दोन चाकांना जोडणारा आंस पुढें-मागें किंवा बाजूला सरकूं नये म्हणून त्याला जागच्या जागीं धरून ठेवी. मोटार आल्यावर इंजिनाच्या जोरानें आंस स्वतःभोवतीं पिळूं लागतो, तो पीळहि तिनेंच सोसला. आणि पाटे एकमेकांवर घासत असल्यामुळें धक्क्यानंतर गाडी फार वेळ डोलत राहत नसे. १९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या सुप्रसिद्ध मॉडेल टी गाडीखालीं अवघ्या दोनच कमानी होत्या, एक पुढें आडवी आणि एक मागें आडवी. तेवढ्यावर त्या गाडीनें अमेरिकेंतील चिखलाचे रस्ते तुडविले.

तथापि जो घासण्याचा गुण, तोच तिचा दोषहि होता. पाट्यांना वंगण असेल तर गाडी एक प्रकारें चाले. ते गंजले म्हणजे दुसऱ्या प्रकारें. लहानसहान खड्ड्यांवर कमान मुळीं हलतच नसे आणि सारा हिसका बसणाऱ्याच्या पाठीला मिळे. कांहीं वर्षांनीं ती बसकी झाली म्हणजे तिला लोहाराकडे न्यावें लागे. तो पाटे सुटे करी, तापवून त्यांना नवा बांक देई, पुन्हां पाणी चढवी आणि तुटलेल्या एका पाट्याऐवजीं दुसरा घाली. म्हणजे ही कमान दुरुस्त होऊं शके, परंतु तिला पिढीजात कसबाचा हात लागे. गृहस्थाच्या अंगणांत होण्यासारखें तें काम नव्हे.

वेटोळ्याची स्प्रिंग नेमकी उलट वृत्तीची. तिला एकच विद्या येते: उभ्या दिशेनें वजन पेलणें. आंसाला ती धरून ठेवीत नाहीं, त्याचा पीळ सोसत नाहीं, आणि एकदां दबली कीं बराच वेळ उसळत राहते. १९०७ सालीं डेट्रॉइट येथें निघालेल्या ब्रश रनअबाउट या लहानशा गाडीला चारहि चाकांवर वेटोळीं होतीं, तरी त्या काळीं तिचें अनुकरण फारसें झालें नाहीं. इटलींत लान्चिया कंपनीच्या लाम्ब्डा गाडीनें १९२२ सालीं पुढच्या चाकांना स्वतंत्र वेटोळीं दिलीं. जर्मनींत १९३१ सालच्या मर्सिडीज-बेंझ १७० या गाडीनें मागच्या चाकांच्या दुभंग आंसावर वेटोळीं बसविलीं. अमेरिकेंत रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्यें आलेल्या मॉरिस ऑली या इंजिनियरानें या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध छडा लावला. सरकतीं वजनें बांधलेली एक मोठी गाडी त्यानें प्रयोगासाठीं तयार केली. तिच्यावरून असें दिसून आलें कीं, पुढच्या स्प्रिंगा मऊ असाव्यात आणि मागचीं चाकें त्यांच्यापेक्षां किंचित् जलद डोलावीं. कारण खड्डा आधीं पुढच्या चाकाला लागतो आणि मग मागच्या चाकाला. मागचें डोलणें जरा जलद असेल तर तें पुढच्या डोलण्याला गांठतें आणि गाडी घोड्यासारखी मागें-पुढें न झुलतां सपाट राहते. मागच्या स्प्रिंगेचा जोर किती असावा, हा केवळ ओझ्याचा प्रश्न नाहीं, तें पुढच्या स्प्रिंगेशीं जुळविलेलें नातें आहे, ही गोष्ट तेव्हांपासून स्पष्ट झाली.

१९३४ सालीं जनरल मोटर्सच्या कित्येक गाड्यांना पुढें वेटोळीं आलीं. १९३८ सालीं ब्यूइकनें तीं मागेंहि बसविलीं. ब्यूइकला हें साधलें याचें कारण असें कीं, तिच्यांत इंजिनाचा जोर मागें नेणारा दांडा एका जाड नळींत बंद केलेला होता आणि आंसाचा पीळ ती नळीच सोसत असे. कमान जीं चार कामें करी, त्यांची अशी वांटणी झाली. पीळ नळीनें किंवा लांब दांड्यांनीं घेतला, बाजूचें सरकणें एका आडव्या दांड्यानें रोखलें, डोलणें थांबविण्याचें काम शॉक अ‍ॅब्सॉर्बरकडे गेलें, आणि वेटोळ्याकडे निखळ ओझें उरलें. स्वीडनच्या व्होल्व्होनें १९४७ सालीं विक्रीस काढलेल्या पीव्ही ४४४ या गाडीला मागें हींच वेटोळीं होतीं. अमेरिकेंत शेव्हरोलेच्या मोठ्या गाड्यांना तीं १९५८ सालीं मिळालीं. भारतांत मात्र कमानीनें आपली जागा सहजासहजीं सोडली नाहीं. मुंबईंत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत होणारी फियाट, जी पुढें पद्मिनी झाली, तिला पुढें वेटोळीं असलीं तरी मागें पाटेच होते. आणि उत्तरपाड्याची अ‍ॅम्बेसेडर २०१४ सालीं बंद होईपर्यंत मागच्या अंगाला पाट्यांवरच चालली.

या वांटणीमुळेंच घरच्या दुरुस्तीचा मार्ग मोकळा झाला. ज्या वस्तूकडे एकच काम असतें, ती काढून तिच्या जागीं दुसरी ठेवतां येते. ब्रिटनमध्यें या घरच्या कामाला लेखी शास्त्राचें रूप देण्याचें श्रेय मोठ्या अंशीं जॉन हेन्स याच्याकडे जातें. १९५६ सालीं, शाळेंत असतांनाच, त्यानें जुन्या ऑस्टिन सेव्हनपासून नवी गाडी कशी बांधावी यावर एक पुस्तिका काढली. तिच्या २५० प्रती दहा दिवसांत खपल्या. पुढें हवाई दलाच्या नोकरींत एडन येथें असतांना १९६५ सालीं त्यानें एका सोबत्याच्या ऑस्टिन-हीली स्प्राइटचें इंजिन उकललें आणि प्रत्येक पायरीचीं छायाचित्रें घेतलीं. त्यांतून १९६६ सालीं त्याचें पहिलें दुरुस्तिपुस्तक निघालें. कारखान्यानें लिहिलेलीं पुस्तकें कारागिरासाठीं असत. हें गृहस्थासाठीं होतें, आणि प्रत्यक्ष गाडी खोलूनच लिहिलेलें होतें.

मागचें वेटोळें बदलण्याची रीत अशी. गाडी सपाट आणि कठीण जमिनीवर उभी करावी व पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनीं ठोकळे लावावे. हातब्रेकवर विसंबूं नये, कारण बहुतेक गाड्यांत तो मागच्याच चाकांना लागतो; तीं उचललीं कीं तो निरुपयोगी झाला. गाडीचें धूड भक्कम लोखंडी टेकूंवर ठेवावें, केवळ जॅकवर कदापि नव्हे. मग आंसाखालीं जॅक लावून शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे खालचे बोल्ट सोडवावे, कारण आंसाला फार खालीं जाऊं न देणारा अडसर तोच असतो. आतां जॅक हळूहळू उतरवावा; ब्रेकच्या तेलाच्या रबरी नळीला ताण बसत नाहीं ना, इकडे डोळा असावा. स्प्रिंग पुरती सैल झाली म्हणजे ती हातानें निघते. नवी बसवितांना वरची-खालची रबरी बैठक जागेवर आहे, आणि वेटोळ्याचें टोक आपल्या खांचेंत नीट टेकलें आहे, हें पाहावें. पाळी नेहमीं दोन्ही बाजूंची एकदम करावी, नाहींतर गाडी कललेलीच राहील. आणि रबरी बुश असलेल्या दांड्यांचे बोल्ट शेवटीं, गाडीचें वजन चाकांवर आल्यावरच, पक्के आवळावे. अधांतरीं आवळले तर रबराला कायमचा पीळ बसतो आणि तें लवकर फाटतें.

यांत जिवावर बेतणारी गोष्ट एकच, ती म्हणजे दबलेल्या स्प्रिंगेंत सांठलेली शक्ति. तीनशें किलो ओझ्याखालीं पंधरा सेंटिमीटर दबलेल्या वेटोळ्यांत सुमारें २२० जूल शक्ति असते. वीस-बावीस किलोंचें पोतें एक मीटर उंचीवरून कोसळावें, तेवढी ती होय. आणि ती डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं सुटते. जॅक सावकाश उतरविणें म्हणजे ही शक्ति हप्त्याहप्त्यानें परत घेणें. मागच्या बाजूला पुष्कळ गाड्यांत स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर निरनिराळे असल्यामुळें हें साधतें. पुढच्या बाजूला मॅक्फर्सनच्या पद्धतीप्रमाणें स्प्रिंग शॉक अ‍ॅब्सॉर्बरभोवतींच कोंडलेली असते. तिचा वरचा नट स्प्रिंगेला खास अवजारानें आवळून धरल्याशिवाय सोडणें हें प्राणघातक ठरूं शकतें. मागचें काम जमलें म्हणून त्याच हिंमतीवर पुढचें हातीं घेणाऱ्यानें हा भेद विसरूं नये. मागेंहि ज्या गाडींत स्प्रिंग अशीच कोंडलेली असेल, तेथें तोच नियम लागू पडतो.

आणखी एक गैरसमज दूर होणें इष्ट आहे. जुनी स्प्रिंग 'मऊ' होते, असें म्हणतात. वस्तुतः पोलादाचा लवचिकपणा वर्षांच्या वापरानें फारसा बदलत नाहीं. हूकची मर्यादा थोडथोडी ओलांडली जाऊन वेटोळ्याची उंचीच काय ती कमी होते. गाडी खालीं बसते, पण जोर तेवढाच असतो. उलट कोणी हौशी माणूस गाडी खालीं आणण्यासाठीं एखादें वेढें कापतो, तेव्हां उरलेली स्प्रिंग अधिक कठीण होते, कारण वेढीं जितकीं कमी तितका ताठरपणा अधिक. तारेच्या जाडीचा परिणाम तर याहून मोठा. तार शेंकडा दहानें जाड केली तर स्प्रिंग शेंकडा सेहेचाळीसनें ताठ होते, कारण येथें जाडीचा चौथा घात लागतो. म्हणून दिसावयास सारखी, परंतु दुसऱ्या गाडीची स्प्रिंग बसविणें म्हणजे ऑलीनें जुळविलेलें पुढच्या-मागच्या चाकांचें नातें तोडणें होय.

स्प्रिंग तुटते ती बहुधा आंतून नव्हे, कातडीवरून. १९३० नंतरच्या दशकांत जनरल मोटर्सच्या संशोधनशाळेंत जॉन आल्मेन यानें इंजिनांतील लहान स्प्रिंगांवर प्रयोग करून एक गोष्ट उजेडांत आणली: पोलादावर बारीक छऱ्यांचा मारा केला तर त्याचा पृष्ठभाग आंतल्या आंत आवळला जातो आणि तेथें चीर पडणें कठीण होतें. मोटारींच्या स्प्रिंगांना हा संस्कार पुढें सर्रास होऊं लागला. त्यावरचा रंग खरवडला गेला, बर्फ वितळविण्यासाठीं थंड देशांत रस्त्यांवर टाकलेलें मीठ किंवा समुद्रकांठचा दमट वारा तेथें पोंचला, कीं गंजाच्या एका खळग्यांतून चीर सुरू होते. म्हणून नवें वेटोळें बसवितांना त्याला पान्याचा ओरखडाहि लागूं देऊं नये. आणि त्यावर आंच धरणें तर पोलादाचें पाणीच उतरविणें आहे.

लोहार कमानीला बरी करीत असे. गृहस्थ वेटोळें बरें करीत नाहीं, तो तें बदलतो. कसब लोहाराच्या हातांतून निघून कारखान्याच्या भट्टींत गेलें, आणि घरच्या माणसाच्या वांट्याला आली ती सावधगिरी, मोजमाप आणि क्रम. त्याचें श्रेय तेवढेंच. पण त्यांतला एकहि घटक चुकला तर स्प्रिंग क्षमा करीत नाहीं. जुन्या पाट्याचें नशीब मात्र अजून थोडें निराळें आहे. ट्रकखालून निघालेला मोडका पाटा महाराष्ट्रांतील गांवोगांवच्या भात्याजवळ पोंचतो, आणि तेथें त्याचा कोयता होऊन तो उसाच्या फडांत जातो.