जुना पार्ट हातात : शहापूर-मुरबाडच्या गॅरेजांतील सचोटीचा इतिहास

सचोटी हा शब्द आपण माणसाच्या स्वभावाला लावतो. अमुक मिस्त्री सरळ, तमुक लबाड, असे म्हणून विषय मिटवतो. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मोटारसायकल दुरुस्तीविषयीचे लोकांचे अनुभव ऐकताना मला मात्र ही वाटणी पुरेशी वाटेनाशी झाली. एकाच मिस्त्रीविषयी दोन गिऱ्हाइके अगदी उलट सांगत, आणि दोघांचेही खरे असे. गावातल्या माणसाची सुटलेली वायर जोडून 'राहू द्या, चहा पाजा' म्हणणारा मिस्त्री महामार्गावरच्या अनोळखी माणसाकडून तेवढ्याच कामाचे भरपूर पैसे घेई. माणूस तोच, हत्यारे तीच, सचोटी मात्र दोन प्रकारची. तेव्हा तिचा शोध केवळ मिस्त्रीच्या मनात घेऊन भागत नाही. कामाचे पैसे कसे दिले जातात, बिघाड कोणाला दिसतो आणि खोटे उघडे पडले तर काय होते, या तीन गोष्टींच्या इतिहासात तो घ्यावा लागतो.

या भागात हा प्रश्न लहान नाही. शहापूर मुंबई-आग्रा महामार्गावर आहे आणि आसनगावला लोकल आहे. मुरबाडला अजून रेल्वेच नाही. दोन्ही तालुक्यांतले पाडे मुख्य रस्त्यापासून आत, डोंगरालगत. डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई या बाजूंना एसटीची एक फेरी चुकली की माणूस अडकतो. स्टेशन गाठणारा नोकरदार, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा कामगार, दुधाच्या किटल्या बांधून निघणारा गवळी, या सगळ्यांचा दिवस मोटारसायकलवर उभा असतो. गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये पडली की दुरुस्तीचा खर्च होतोच, वर दोन दिवसांची मजुरीही जाते. मिस्त्रीचा एक खोटा शब्द घरच्या हिशेबात इतका महाग पडतो.

खळ्यावरचे धान्य आणि बैलाचे दात

मोटारसायकलच्या आधी इथले वाहन म्हणजे बैलगाडी. तिचे चाक, आरे, जू सुताराकडे. चाकावरची लोखंडी धाव लोहाराकडे. बलुत्याची घडी कोकणपट्टीत देशावरच्याइतकी पक्की नव्हती, तरी भात झोडल्यावर खळ्यावरून कारागिराचे धान्य देण्याची रीत इकडेही होती. या रीतीत एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. कारागिराला मोबदला वर्षाचा मिळे, कामागणिक नाही. आरा एकदा मोडो की चारदा, पायली तेवढीच. म्हणून नसलेला बिघाड 'काढून' त्याला काहीच लाभ नव्हता. उलट काम जितके टिकाऊ तितका पुढचा त्रास कमी. त्या काळी गाऱ्हाणी नव्हती असे नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गाव-गाडा'त बलुतेदारांविषयी कुणब्याची गाऱ्हाणी भरपूर आहेत. पण त्यांचा रोख टाळाटाळ, विलंब आणि जादा मागणी यांवर आहे. खोट्या निदानाची तक्रार ही रोख मजुरीच्या युगाची तक्रार आहे.

दुसरी गोष्ट दिसण्याची. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला भरणारी म्हसोबाची यात्रा बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे. तिथे दलाल कितीही गोड बोलला तरी शेतकरी बैलाचे तोंड उघडून दात पाहतो. दोनदाती, चारदाती की जुळलेला, हे पोरालाही कळते. खूर पाहतो, चालवून पाहतो, जुवाला लावून पाहतो. विकणाऱ्याला पुष्कळ ठाऊक असते हे खरे, पण घेणाऱ्यालाही थोडे ठाऊक असते, आणि त्या थोड्याचाच विकणाऱ्यावर धाक असतो.

टू-स्ट्रोकचा काळ

पोलंडच्या एका मोटारसायकलीवरून एस्कॉर्ट्स कंपनीने काढलेली १७५ सीसीची राजदूत ही खेड्यांत गेलेल्या पहिल्या दणकट गाड्यांपैकी एक. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना आली, त्याच वर्षी बजाजची चेतक. ही सगळी टू-स्ट्रोक यंत्रे. त्यांत व्हॉल्व्ह नाही, टायमिंग चेन नाही, इंजिनाचे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे. गाडी बंद पडली की मालक स्वतः प्लगपान्याने प्लग काढी, काजळी सँडपेपरने घासी आणि किक मारी. सायलेन्सर काजळीने भरला की गाडी ओढत नाही, हेही त्याला ठाऊक असे. पिस्टन सीज झाला तर मिस्त्री ब्लॉक उघडून ओरखडे दाखवी. ते डोळ्यांना दिसत आणि बोटाला लागत. मिस्त्रीचे ज्ञान आणि मालकाचे ज्ञान यांत अंतर होते, पण ते हाताने मोजता येण्याजोगे होते. बैलाचे दात अजून दिसत होते, म्हणा ना.

या काळातला अप्रामाणिकपणा बिघाडापेक्षा सुट्या भागांत होता. गाड्याच कमी, चेतकसाठी तर वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, सामानही दुर्मीळ. पार्ट कल्याणहून किंवा मुंबईहून आणायचा, त्यासाठी मिस्त्रीच्या हातात आगाऊ पैसे द्यायचे, आणि तो सांगेल ती किंमत. चांगला पार्ट काढून जुना घासूनपुसून बसवल्याच्या कहाण्या जुनी माणसे अजून सांगतात. यावर मोठा उतारा मिळाला तो कायद्यातून. पॅकबंद वस्तूंच्या नियमांत १९९० मध्ये दुरुस्ती होऊन सर्व करांसह कमाल किंमत छापणे आले. पार्टच्या खोक्यावरचा तो आकडा म्हणजे गिऱ्हाइकाच्या हाती आलेले पहिले लेखी शस्त्र होते.

झाकलेले इंजिन

१९८४ मध्ये हीरो होंडा कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिची सीडी १०० रस्त्यावर आली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरा, अशा आशयाची तिची जाहिरात गाजली. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि फोर-स्ट्रोक गाडी खेड्यापाड्यांत शिरली. लिटरमागे मिळणाऱ्या अंतराने गरिबाची सोय केली, यात शंका नाही. पण लोकांनी विसरायचे म्हणजे खरेच विसरले. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर आपोआप जाणारे ऑइल आता इंजिनाच्या पोटात वेगळे राहत होते आणि ते वेळेवर पालटावे लागत होते. ते न पालटल्याने झिजलेली इंजिने गॅरेजमध्ये येऊ लागली आणि 'हाफ इंजिन काम', 'फुल इंजिन काम' हे शब्द घराघरांत पोचले.

त्याहून मोठा बदल म्हणजे बिघाड दिसेनासा झाला. ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटच्या जागी सीडीआय आला: बंद, काळा, न उघडणारा चौकोनी डबा. 'सीडीआय गेला' हे वाक्य खोडून काढण्याचे कोणतेही साधन मालकाकडे नव्हते. 'टायमिंग चेन वाजतेय' म्हटले तर आवाज ऐकू येई. पण तो चेनचा की नुसत्या सैल टॅपिटचा, हे सांगणारा पुन्हा मिस्त्रीच. भर पावसात माझी गाडी बंद पडली तेव्हा महामार्गालगतच्या एका गॅरेजने सीडीआय बदलायला सांगितला होता. पुढच्या वस्तीवर दुसऱ्या मिस्त्रीने प्लगचे टोपण काढून आतले पाणी फडक्याने पुसले आणि गाडी सुरू झाली. पहिल्याला समजले नव्हते की समजूनही त्याने तसे सांगितले, हे मला आजही ठरवता येत नाही. न ठरवता येणे, हेच झाकलेल्या इंजिनाचे खरे स्वरूप आहे.

हे केवळ आपल्याकडचे दुखणे नव्हे. १९४१ मध्ये अमेरिकेत 'रीडर्स डायजेस्ट' मासिकासाठी एक स्त्री आणि एक पुरुष मोटार घेऊन देशभर फिरले. गॅरेजपाशी आले की इंजिनातली एक वायर मुद्दाम सोडवायची आणि मिस्त्री काय सांगतो ते पाहायचे. ३४७ गॅरेजांपैकी २१८ ठिकाणी त्यांना खोटे सांगण्यात आले किंवा नको ते काम केले गेले. पुढे १९७३ मध्ये डार्बी आणि कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी या प्रकाराची उकल केली. काही सेवा अशा असतात की त्या घेतल्यावरही त्यांची गरज होती का, हे घेणाऱ्याला कळत नाही. निदान करणारा आणि त्यावर पैसे मिळवणारा एकच असतो, आणि निदान तपासायला पुन्हा पैसे पडतात. गाडी सुरू झाली एवढेच आपल्याला दिसते. ती वायरीने सुरू झाली की डब्याने, हे दिसत नाही.

गिऱ्हाइकांनी शोधलेले उपाय

पुस्तकातली ही उकल माहीत नसताना शहापूर-मुरबाडच्या गिऱ्हाइकांनी आपापले उपाय शोधले, आणि मला ते फार मोलाचे वाटतात. पहिला उपाय शेजारी बसण्याचा. गाडी टाकून बाजाराला जायचे नाही. स्टूल ओढून मिस्त्रीजवळ बसायचे, पाना हातात द्यायचा, विचारत राहायचे. दुसरा, ऑइलच्या बाटलीचे सील आपल्यासमोर फोडायला लावायचे. तिसरा, पार्ट स्वतः दुकानातून आणायचा आणि मिस्त्रीला फक्त मजुरी द्यायची. चौथा उपाय सर्वांत जुना आणि सर्वांत परिणामकारक: काढलेला जुना पार्ट मागून घ्यायचा. एक निवृत्त शिक्षक चेन, ब्रेक शू, क्लच प्लेटा घरी पत्र्याच्या डब्यात ठेवत. प्रत्येकाला तारखेची चिठ्ठी. 'हिशेब मिस्त्रीचा नाही, गाडीचा ठेवतो,' असे ते म्हणत. जुना पार्ट हातात आला की दोन गोष्टी सिद्ध होतात: तो खरोखर बदलला, आणि खरोखर झिजला होता.

पाचवा उपाय चहाच्या टपरीवरचा. कोणत्या मिस्त्रीने कोणाला काय सांगितले, हे गावात दोन दिवसांत फिरते. ज्याचे गिऱ्हाईक आसपासच्या दहा पाड्यांचे, त्याला नाव जपावे लागते. महामार्गावरचे वाटसरू गिऱ्हाईक पुन्हा येणार नसते, त्याचे बोलणे टपरीवर पोचत नाही. सुरुवातीला सांगितलेल्या दोन प्रकारच्या सचोटीचा उलगडा इथे होतो.

मिस्त्रीची बाजू

गिऱ्हाइकाची कैफियत एकट्याने ऐकणे हाही एक अप्रामाणिकपणाच होईल. मिस्त्रीच्या वहीत उधारी असते आणि तिची मुदत बहुधा 'भात झोडल्यावर' अशी. बलुत्याची रीत गेली, पण तिचा हंगाम राहिला; कारागिराचे पैसे अजूनही खळ्याची वाट पाहतात. काहीजण पावसाळ्यात गाडी टाकतात आणि दिवाळीपर्यंत न्यायला येत नाहीत. काहीजण 'स्वस्तातला टाक' म्हणून डुप्लिकेट पार्ट स्वतःच मागतात आणि तो तुटला की मिस्त्रीला चोर ठरवतात.

सर्वांत अवघड गाठ तपासणीच्या पैशांची आहे. तासभर खपून मिस्त्रीने शोधले की फक्त वायर सुटली होती, तर आपण काय देतो? 'वायर तर जोडलीस, त्याचे काय पैसे?' असे म्हणून दहा-वीस रुपये टेकवतो. तोच मिस्त्री डबा बदलतो तेव्हा शेकडो रुपये बिनतक्रार देतो. दिसणाऱ्या वस्तूला किंमत, न दिसणाऱ्या ज्ञानाला नाही. म्हणजे खरे बोलण्याचा तोटा आपण मिस्त्रीच्या माथी मारतो आणि मग त्याने खरे बोलावे अशी अपेक्षा करतो. इतके असूनही वायर जोडून चहावर समाधान मानणारे मिस्त्री या दोन तालुक्यांत आहेत, ही मला सर्वांत नवलाची गोष्ट वाटते.

कायदा आणि नवी गाडी

बिंदुमाधव जोशी यांची ग्राहक पंचायत आणि १९७५ मध्ये स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायत यांनी महाराष्ट्रात ग्राहकाला आवाज दिला. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूबरोबर सेवाही कक्षेत आणली. दुरुस्तीतील कसूर हा तक्रारीचा विषय झाला. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या कायद्यात बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. पण दोनशे रुपयांच्या पार्टसाठी टोकावड्याचा माणूस एसटीने कल्याण आणि लोकलने ठाणे गाठणार नाही. त्याच्यासाठी कायद्याचा खरा उपयोग एवढाच की बिल मागताना त्याने संकोचू नये.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले आणि गाड्यांतला कार्बोरेटर जवळजवळ गेला. त्याच्या जागी इंजेक्शन, सेन्सर आणि संगणकाचा मेंदू आला. लहान गॅरेजकडे स्कॅनर नसेल तर मिस्त्रीही आता गिऱ्हाइकासारखाच आंधळा होतो, आणि अंदाजाने पार्ट बदलत जातो. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने 'दुरुस्तीचा हक्क' हे संकेतस्थळ सुरू केले, त्यात वाहनांचाही समावेश आहे. दुरुस्तीची माहिती कंपनीच्या कुलपातून बाहेर येणे आता लहान मिस्त्रीच्याही सचोटीसाठी गरजेचे आहे. स्कॅनरवर उमटणारा बिघाडाचा क्रमांक गिऱ्हाइकालाही वाचता येतो. तो समोर दाखवण्याची रीत पडली तर म्हशाच्या बाजारातले बैलाचे दात पुन्हा दिसू लागतील.

या साऱ्या इतिहासातून मला तीन साध्या मागण्या निघताना दिसतात. तपासणीचे पैसे वेगळे ठरवावेत आणि वायरच सुटली असली तरी ते द्यावेत. जुना पार्ट न मागता परत मिळावा. आणि बिलावर पार्ट व मजुरी वेगवेगळ्या लिहाव्यात. यांतील एकही गोष्ट मिस्त्री साधुसंत असण्यावर अवलंबून नाही. पहिली तर सर्वस्वी गिऱ्हाइकाच्या हातात आहे, आणि सुरुवात करायची झाली तर तिथूनच करावी लागेल.